नदीतले शिंपले कसे शोधावेत, कसे मोजावेत: दूधगंगेपासून मलप्रभेपर्यंत

आमच्या जुन्या वहीत एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘शिंपले नाहीत’. तारीख आहे, गाव आहे, नदीचं नाव आहे. बाकी काही नाही. किती जण होतो, किती वेळ शोधलं, पाणी निवळ होतं की गढूळ, हात तळापर्यंत पोचत होता का, यातलं एक अक्षर नाही. दोन महिन्यांनी त्याच जागी जाळं सुकवत बसलेल्या एका भोई काकांनी गुडघाभर पाण्यात उतरून, करंजाच्या मुळांखाली हात घालून, विडी विझायच्या आत सात शिंपले काढून दाखवले. म्हणाले, “मास्तर, मधात काय शोधताय? तिथली वाळू दर पावसाळ्याला जागा सोडती. काठाला या की.”

ते पान मी फाडलं नाही. नवी पोरं आली की आधी तेच दाखवतो. शिंपला सापडला की नोंद करायला कुणीही शिकतो, नाही सापडला तर काय लिहायचं हे शिकायला वेळ लागतो. हा लेख बराचसा त्यासाठीच आहे.

कशाला शिंपला म्हणायचं

शिंपला म्हटलं की कोकणातल्या तिसऱ्या आठवतात, पण आपल्या नद्यांतही शिंपले आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागात शिंपली, शिंपी असं म्हणतात, कन्नड बोलणारे कप्पेचिप्पू म्हणतात. दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला आजीकडे एक शिंपली होती. तिची कड घासून घासून कागदासारखी झाली होती. ती कुठल्या नदीची, हे कुणी कधी विचारलं नाही.

पहिला गोंधळ गोगलगायींचा. गावात ‘शिंपली आहेत का?’ विचारलं तर निम्मे जण भातखाचरातली गोल गोगलगाय आणून देतात. तिला एकच कवच असतं, शिंपल्याला दोन झडपा आणि मध्ये बिजागरी. एवढा फरक आधी सगळ्यांना हातात देऊन दाखवा.

आपल्या भागात मुख्यतः तीन प्रकारचे शिंपले डोळ्यांसमोर ठेवावेत. लॅमेलिडेन्स लांबट, काळपट तपकिरी, आतून मोत्यासारखा चकचकीत, आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. मोत्यांच्या शेतीत वापरतात तो हाच. पॅरेशिया आखूड, फुगीर, जाड कवचाचा, हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागतो. त्याच्या टोकाशी, म्हणजे झडप जिथून वाढायला सुरुवात होते तिथे, वेड्यावाकड्या सुरकुत्या असतात. तिसरा कॉर्बिक्युला. रुपयाच्या नाण्याच्या आसपासचा, त्रिकोणी, टोक जवळजवळ मधोमध आणि कवचावर एकाखाली एक ठसठशीत आडव्या कडा. आतून त्याला मोत्याची चमक नसते. याशिवाय वाटाण्याहून लहान शिंपले गाळात असतात, पण ते बारीक चाळणीशिवाय सापडत नाहीत आणि ओळखणं तज्ज्ञांचंच काम. सुरुवातीला ‘बारीक शिंपले, प्रकार माहीत नाही’ एवढं लिहिलं तरी चालेल.

पहिल्या दोघांची एक गोष्ट सर्वेक्षणाच्या मुळाशी आहे. त्यांची पिल्लं आधी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही दिवस काढतात, मग गळून तळाशी पडतात आणि शिंपला म्हणून वाढू लागतात. मासा नाही तर पुढची पिढी नाही. बंधाऱ्याने माशाची वाट अडली तर वरच्या अंगाचे म्हातारे शिंपले कित्येक वर्षं जगत राहतात, पण पिल्लू एकही नसतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, शिंपले भरपूर आहेत. कॉर्बिक्युलाला मासा लागत नाही, तो आपली पिल्लं स्वतःच्याच कल्ल्यांत वाढवतो. म्हणून एखाद्या जागी नुसते कॉर्बिक्युलाच सापडले तर त्या नोंदीचा अर्थ वेगळा होतो. दोन्ही प्रकार एकाच रकान्यात टाकून ‘शिंपले: ४२’ लिहिलं की हा अर्थ गेला.

कुठल्या नद्या, कुठल्या जागा

आपल्याकडे नदीनदीत फार फरक आहे. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा हा बंधाऱ्यांचा प्रदेश. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर ही नावं पावसाळ्यात पुलावर पाणी आलं की बातम्यांत येतात. उन्हाळ्यात हेच बंधारे नदीचे तलावांसारखे तुकडे करतात. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय घटप्रभेला मिळतात. घटप्रभेवर आधी हिडकलचं धरण, पुढे ५२ मीटर उंचीचा गोकाकचा धबधबा. धबधब्याच्या वरची आणि खालची नदी नोंदीत वेगळीच धरा, मासा वर चढू शकत नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हब्बनहट्टी, असोगा, खानापूर करत पूर्वेला जाते. त्याच परिसरातला कळसा नाला म्हादईचा, पश्चिमवाहिनी. चार पावलांच्या अंतरावर दोन खोरी, दोन वेगळी जीवसृष्टी. इकडची बादली तिकडे नेताना धुऊन वाळवलीच पाहिजे, आणि एका खोऱ्यातला शिंपला दुसऱ्यात सोडणं हा गुन्हाच समजा, कितीही प्रेमाने केला तरी.

जागा निवडताना सगळ्यांची एकच चूक होते: गाडी जिथे पोचते तिथेच सर्वेक्षण होतं. म्हणजे पूल, घाट आणि देऊळ. नकाशावर नदीचे एकेक किलोमीटरचे तुकडे पाडा, त्यांना आकडे द्या आणि निम्म्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडा. उरलेल्या निम्म्या तुमच्या अंदाजाने. चिठ्ठीत कुणाच्या तरी उसाच्या फडामागची अडचणीची जागा निघते, पाचट तुडवत जावं लागतं, पोरं कुरकुरतात. तरी जा. प्रत्येक जागी नदीकाठचा साधारण १०० मीटरचा पट्टा धरा आणि त्यात जेवढे तऱ्हेतऱ्हेचे तळ आहेत तेवढे सगळे पाहा: काठचा चिखल, झाडांची मुळं, बारीक रेती, गोट्यांची उथळ धार, डोहाची कड, बंधाऱ्याच्या खालची खळगी.

शिंपल्याला हलणारा तळ चालत नाही. मोठ्या शिंपल्यांच्या वस्त्या पुरातही जागेवर राहणाऱ्या घट्ट रेती-गाळात असतात, खडकाच्या आडोशाला, मुळांच्या जाळीत, वळणाच्या आतल्या बाजूला. कॉर्बिक्युला वाहत्या, स्वच्छ रेतीत आणि बारीक खड्यांत जास्त भेटतो. वाळू उपसलेल्या पट्ट्यात तळ उकरून खड्डे झालेले असतात, तिथे शिंपले सापडायची आशा कमी. पण तो पट्टा यादीतून गाळू नका. तिथला शून्यही हवा आहे.

कधी जायचं

फेब्रुवारी ते मे. मलप्रभा आणि मार्कंडेयेचा वरचा भाग एप्रिलपर्यंत डोहांपुरता उरतो, तेव्हा काम सोपं. बंधाऱ्यांच्या नद्यांवर हिशेब वेगळा. पावसाळा सरला की बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वरच्या अंगाला पाणी तुंबून पुरुषभर खोल होतं. मेअखेर, पावसाच्या तोंडावर बरगे काढले की दोन-तीन दिवसांत पाणी उतरतं आणि काठाचा तळ उघडा पडतो. वर्षातले सर्वांत उपयोगी दिवस हेच. बंधाऱ्यावर काम करणाऱ्यांशी ओळख ठेवा, तारीख तेच सांगतात. त्या दिवसांत काठावर उघडे पडलेले जिवंत शिंपले दिसतील, त्यांनी चिखलात ओढलेली रेघ दिसेल. ती रेघ कुठून कुठे जाते, तिचा फोटो घ्या, मग शिंपला पाण्यात सरकवा.

पुरानंतर घाई करू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कवचं शेताशेतांत नेऊन टाकली. उसाच्या सरीत सापडलेली शिंपली तिथल्या नदीत आजही आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही.

परवानगी आणि जिवाची काळजी

आधी ग्रामपंचायत. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. प्रत्यक्षात ती वही कपाटात सापडली तर नशीब, पण समितीला पत्र द्या, आणि कन्नडमध्ये द्या. मराठी पत्र वाचलं जातं, पण कन्नड पत्राला त्याच दिवशी शिक्का मिळतो, हा आमचा अनुभव. भीमगड अभयारण्यात, म्हणजे म्हादईच्या उगमाकडच्या भागात, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. दूधगंगेवर काही ठिकाणी एक काठ कर्नाटकात, दुसरा महाराष्ट्रात. मलिकवाडला उतरून दत्तवाडच्या बाजूला हात घातला की राज्य बदललं. दोन्हीकडच्या पंचायतींना कळवलेलं बरं. काहीही सोबत नेणार नाही, पाहून तिथेच सोडणार, हे पत्रात स्पष्ट लिहा. नमुने न्यायचे असतील तर राज्याच्या जैवविविधता मंडळाकडे आधी विचारणा करा.

कृष्णेत मगरी आहेत. ही भीती घालायची गोष्ट नाही, साधी माहिती आहे. चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात स्थानिक माणूस ‘इथं उतरू नका’ म्हणाला की वाद घालायचा नाही, त्या जागेपुढे ‘मगरीमुळे पाण्यात उतरलो नाही’ असं लिहायचं आणि काठावरची कवचं पाहायची. मगरीइतकाच धोका विहिरीतल्या-नदीतल्या मोटारींच्या उघड्या वायरींचा, वाळूच्या खड्ड्यांचा आणि वरून अचानक सुटणाऱ्या पाण्याचा. उन्हाळ्यात कोयनेच्या, काळम्मावाडीच्या धरणातून पाणी सुटलं की दुपारपर्यंत कोरडा असलेला गोटा संध्याकाळी बुडतो. एक जण कायम काठावर उभा, कोरडा, हातात दोर. कंबरेवर पाणी असेल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी नाही. कारखान्याची मळी सुटलेली दिसली, पाण्याला तो गोडसर कुबट वास आला, तर हात घालू नका. मेलेले मासे आणि शिंपले मोजा, फोटो काढा, तारीख-वेळ लिहा.

सामान

महाग काही नाही. पाण्यात पाहायची बादली मात्र नीट बनवा. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या, तळ गोल कापा, दोन बोटांची कड ठेवा. त्या कडेवर पारदर्शक ॲक्रिलिकची चकती सिलिकॉनने आतून चिकटवा आणि एक दिवस वाळू द्या. बादली पाण्यावर टेकवून आत डोकावलं की लाटांची लखलख जाते आणि तळ असा दिसतो, जणू ताटात वाढलाय. शिंपला पुरा दिसत नाहीच. रेतीत दोन बारीक झालरदार फटी दिसतात, त्यातून तो पाणी आत-बाहेर करत असतो. सावली पडली की फटी मिटतात. नवशिक्याला त्या दिसायला दोन दिवस लागतात, नंतर सगळीकडे दिसू लागतात, नसलेल्याही.

बाकी अर्ध्या मीटरची चौकोनी चौकट. पीव्हीसी पाइपची करायची तर भोकं पाडा, नाहीतर ती तरंगते. पाच मिलिमीटरची चाळण, ५० मीटरचा दोर दर मीटरला गाठ मारलेला, पांढरा ट्रे, व्हर्नियर किंवा प्लास्टिकची पट्टी, थर्मामीटर, पेन्सिल (पेन नको), जाड तळाचे जुने बूट. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांश दशांशात दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, फक्त आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा.

आधी माणसं, मग काठ, मग पाणी

नदीवर पोचल्यावर पहिला तास पाण्यात जाऊ नका. जाळी टाकणारे, कपडे धुणाऱ्या बायका, म्हशी घेऊन आलेली पोरं यांना ट्रेमध्ये तीन प्रकारची कवचं ठेवून दाखवा आणि ‘यातलं काय पाहिलंय?’ असं विचारा. ‘शिंपले आहेत का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. कुठे, किती खोल, शेवटचं कधी पाहिलं, लहान असताना जास्त होते का, खायचे का, त्याला काय म्हणतात, हे विचारा. उत्तर ज्या भाषेत आलं त्याच भाषेत लिहा. एका आजींनी मला शिंपल्यांची जागा सांगताना नदी सांगितली नाही, ‘पूर आल्यावर आमचा जुना रांजण जिथं अडकला होता तिथं’ असं सांगितलं. रांजणाची जागा त्यांच्या नातवाला माहीत होती, आणि शिंपले तिथेच होते.

मग काठ. पाण्याच्या रेषेवरून हळू चाला. एकाच ठिकाणी रिकाम्या कवचांचा ढीग असेल तर तो बहुधा कुणाच्या तरी जेवणाचा उष्टावा: उंदीर-घुशींचा, पाणमांजराचा किंवा मुग्धबलाक करकोच्याचा. कवचाची कड कुरतडलेली आहे का, झडप सरळ मोडली आहे का, ते पाहा. मेलेली कवचं तीन गटांत लिहा: मांस शिल्लक असलेली, आतून चमक आणि बिजागरी शाबूत असलेली, आणि खडूसारखी पांढरी, भुसभुशीत झालेली. पहिल्या गटातली म्हणजे तो नुकताच मेला, जवळपास जिवंत असण्याची शक्यता मोठी. तिसऱ्या गटातलं कवच वर्षानुवर्षं जुनं असू शकतं, कदाचित वाहत आलेलंही. नकाशावर ते ‘आहे’ म्हणून कधीही दाखवू नका.

वेळ लावून शोध

‘इथे आहेत की नाहीत, आणि कुठले’ एवढंच पाहायचं असेल तर वेळ मोजून शोध करा. चार जण अर्धा-अर्धा तास म्हणजे दोन माणूस-तास. त्यात १८ शिंपले मिळाले तर तासाला ९. हा आकडा दुसऱ्या नदीतल्या, दुसऱ्या दिवसाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो, नुसता ‘१८’ येत नाही. घड्याळ लावा आणि मोजमापात गेलेला वेळ वजा करा. शोधणारे प्रवाहाच्या उलट दिशेने जावेत, म्हणजे उडालेला गाळ मागे जातो. पाणी गढूळ असेल तर बादली ठेवून द्या आणि बोटांनी चाचपा: तळहात रेतीवर सपाट ठेवून हळूहळू दाबत पुढे सरका. कवचाची गोलाई आणि दगडाची गोलाई यातला फरक बोटांना डोळ्यांच्या आधी कळतो. काचा, वायरी, माशांचे गळ यासाठी पातळ हातमोजे घाला.

दर दहा मिनिटांनी नवा प्रकार सापडला का, ते लिहा. शेवटच्या दहा मिनिटांतही नवा प्रकार निघत असेल तर काम संपलेलं नाही, आणखी वेळ द्या.

चौकट टाकून मोजणी

घनता हवी असेल तर चौकट. इथे लोक फार फसतात, कारण शिंपला दिसला की हात आपोआप तिथेच चौकट टाकतो. मग घनता फुगते. चौकटी कुठे पडणार हे पाण्यात उतरायच्या आधी ठरलेलं हवं.

समजा काठालगतचा २० मीटर लांब, १० मीटर रुंद तुकडा घेतलाय, म्हणजे २०० चौरस मीटर. २४ चौकटी टाकायच्या आहेत. तीन वेगवेगळ्या सुरुवाती घ्या, प्रत्येक सुरुवातीच्या वाट्याला आठ. तर दोन चौकटींमधलं अंतर पाच मीटर येतं, लांबीतही आणि रुंदीतही: लांबीत चार, रुंदीत दोन. आता शून्य ते पाचच्या दरम्यानचे दोन आकडे चिठ्ठीने काढा, एक लांबीचा, एक रुंदीचा. पहिली चौकट तिथे. पुढच्या सगळ्या तिथून पाच-पाच मीटरवर. असं तीनदा. दोराच्या गाठी इथे कामाला येतात.

प्रत्येक चौकटीत आधी वर दिसणारे शिंपले उचला आणि वेगळे मोजा. मग एक वीत खोलपर्यंतची रेती हातांनी किंवा खुरप्याने काढून चाळणीत घ्या, पाण्यातच हलवा. उरतात खडे, पालापाचोळा, तुटकी कवचं आणि मधूनच नखाएवढा जिवंत शिंपला. त्याच्यासाठीच हा खटाटोप. वरून पाहिलं तर मोठेच दिसतात, पिल्लं रेतीच्या आत असतात. ज्या चमूने चाळण वापरली नाही त्यांनी ‘इथे पिल्लं नाहीत’ म्हणू नये.

हिशेब सोपा. चौकट पाव चौरस मीटरची, २४ चौकटींचे ६ चौरस मीटर. त्यात ३९ शिंपले मिळाले तर चौरस मीटरला ६.५, आणि २०० चौरस मीटरच्या तुकड्यात अंदाजे १३००. हा अंदाज फक्त त्या तुकड्याचा. तो अख्ख्या नदीला लावून ‘दूधगंगेत इतके लाख शिंपले’ असा मथळा करू नका. तिन्ही सुरुवातींचे आकडे वेगवेगळे ठेवा: एकीत ३० आणि उरलेल्या दोघींत मिळून ९ असतील तर शिंपले झुंडीने आहेत आणि तुमचा ६.५ डळमळीत आहे.

हाताळणी

शिंपला उघडायचा नाही. फटीत नख, सुरी, पट्टी, काही घालायचं नाही. नदीच्याच पाण्याने भरलेली बादली सावलीत ठेवा, त्यात एका वेळी मोजून होतील तेवढेच घ्या. एप्रिलच्या दुपारी बादलीतलं पाणी बघता बघता तापतं, आम्ही एकदा जेवायला बसलो आणि परत येईपर्यंत चार शिंपले तोंड उघडून पडले होते. तेव्हापासून नियम: दहा मिनिटांत मोजून परत, जेवण नंतर. प्रत्येकाची लांबी, उंची, जाडी मिलिमीटरमध्ये. वय कवचावरच्या रेघांवरून सांगायचा मोह आवरा. आपल्याकडे थंडीने वाढ थांबत नाही, रेघ पुराची असू शकते, पाणी आटल्याचीही.

फोटो पाच: बाहेरून दोन्ही बाजू, वरून, टोकाचा जवळून, आणि शेजारी पट्टी. आतल्या दातांचा फोटो ओळखीला लागतोच, पण तो त्याच जागच्या मेलेल्या कवचाचा घ्या. लॅमेलिडेन्सचे बिजागरीचे दात पातळ आणि लांबट, पॅरेशियाचे जाडजूड, कॉर्बिक्युलाच्या बाजूच्या दातांवर करवतीसारखी बारीक नक्षी. वरच्या घाटाकडे पाणी मऊ, चुना कमी, तिथल्या शिंपल्यांची टोकं झिजून पांढरी होतात. तेव्हा टोकावरच्या सुरकुत्या दिसल्या नाहीत म्हणून लगेच प्रकार बदलू नका.

परत ठेवताना उचलला त्याच जागी, वाहून जाईल असा फेकायचा नाही. टोकापासून आखूड बाजू पुढची, तिथून पाय निघतो. ती खाली करून रेतीत अर्धा दाबा, लांब बाजू वर. काही मिनिटांत तो स्वतः सरकून बसतो. पाहायला थांबलात तर तुमचा अर्धा दिवस तिथेच जाईल.

‘नाही’ कसं लिहायचं

एका फेरीत शिंपला असूनही न दिसण्याची शक्यता निम्मी धरली, तर तीन स्वतंत्र फेऱ्यांनंतरही आठात एकदा, म्हणजे १२.५ टक्के वेळा, तुम्ही असलेला शिंपला चुकवता. एका फेरीवर ‘नाही’ म्हणणं म्हणजे नाणं उडवणं. म्हणून वहीत ‘नाहीत’ हा शब्दच आम्ही बंद केला. त्याऐवजी ‘सापडले नाहीत’, आणि त्यापुढे किती माणूस-तास, किती चौकटी, चाळण वापरली का, बादलीतून किती खोलवरचा तळ दिसत होता, कुठला भाग पाहायचा राहिला आणि का.

आपला चमू किती चुकवतो हे तपासायची एक युक्ती आहे. त्याच जागची वीस रिकामी कवचं घ्या, आत रेती भरून सिलिकॉनने मिटवा, आतल्या कडेला आकडा घाला आणि शोधणाऱ्यांना न सांगता तुकड्यात पुरून ठेवा. शोध संपल्यावर वीसपैकी १३ आली तर तुमची नजर ६५ टक्के. उरलेली सात तुम्हीच काढून आणायची, म्हणून पुरताना जागा लिहून ठेवा. आमच्या पहिल्या चाचणीत सर्वांत कमी कवचं मला सापडली आणि सर्वांत जास्त बी. ए. मराठी करणाऱ्या एका मुलीला, जिला शिंपल्यात काडीचा रस नव्हता.

नोंद आणि पुढे

प्रत्येक जागेच्या पानावर पाणी आणि तळही हवा. प्रवाहासाठी नारळाची करवंटी सोडा: १० मीटर जायला २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळ कसा आहे हे शब्दांत: चिखल, गाळ, बारीक रेती, जाड रेती, गोटे, खडक, यांचे अंदाजे वाटे. खोली, तापमान, पाणी निवळ की गढूळ, बरगे घातलेले की काढलेले, वरच्या अंगाला काय आहे: गटार, कारखाना, वाळूचा उपसा, स्मशान, धुणी. सापडलेल्या मापांचा लांबीप्रमाणे साधा आलेख काढा. सगळे खांब उजवीकडे, म्हणजे नुसतेच मोठे, असतील तर त्या जागेला लाल खूण करा आणि पुढच्या वर्षी माशांचीही चौकशी करा.

फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात. नावाबद्दल खात्री नसेल तर ‘लॅमेलिडेन्स, जात ठरलेली नाही’ इतकंच लिहा. अडलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे नीट फोटो आणि मापं घेऊन विचारा. दाट वस्तीची नेमकी जागा मात्र उघड टाकू नका. मोत्यांच्या शेतीसाठी नदीतले जिवंत शिंपले पोतीच्या पोती उचलले जातात. जाहीर नकाशात तालुका आणि नदी एवढं पुरे, अक्षांश-रेखांश वहीत आणि पंचायतीच्या नोंदवहीत.

आणि करंजाच्या मुळांखालची ती जागा आता आमच्या यादीत पहिली आहे. दरवर्षी बरगे काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिथे जातो. मागच्या खेपेला २६ लॅमेलिडेन्स होते, त्यातला सर्वांत लहान १९ मिलिमीटरचा. भोई काका म्हणाले, “ह्ये नवीन हाय.” वहीत त्यांचंही मत लिहिलंय, आकड्याच्या शेजारी.